अबोली परत आल्यास

दिगंबर पोतनीसांनी उभ्या आयुष्यात एकही खोटा शिक्का मारला नव्हता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. कराडच्या मंडईपासून पार पाटणच्या आठवडी बाजारापर्यंत एकेक तराजू उलटापालटा करून पाहिला, आणि काटा मारणारे भलेभले व्यापारी त्यांची स्कूटर दिसली की शटर ओढून घ्यायचे. "यंत्र खोटं बोलत नाही, यंत्रामागचा माणूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाल्यावर ते ऐकायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते दिवाणला ऐकवायचे.

दिवाण म्हणजे बोका. त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, अबोलीनं, कॉलेजात असताना मंडईतल्या पोत्यांमागून उचलून आणलेला, राखाडी रंगाचा. बैठकीतल्या दिवाणावरून उठायचं नाव घेत नाही म्हणून तो दिवाण. अबोलीचं नाव मात्र साफ चुकलं होतं. दिवसभर टकळी चालू. तिची आई ती नववीत असताना गेली, आणि त्यानंतर त्या घरात जो काही आवाज होता तो तिचाच. लग्न होऊन ती नाशिकला गेली तेव्हा दिवाणही बरोबर गेला. "हुंडा देणार नाही, बोका देतो," असं पोतनीस व्याह्यांना म्हणाले होते, आणि मांडव हसला होता.

त्याला दोन वर्षं झाली. एके दिवशी जावयाचा, निनाद कर्णिकचा, व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, हे बघा तुमच्या दिवाणसाहेबांचं पोट!"

पोतनीसांनी चष्मा चढवला. छातीपासून मागच्या पायांपर्यंत एक केस शिल्लक नव्हता. गुलाबी, उघडं कातडं आणि त्यावर दोन ओल्या जखमा. आणि बोका तेव्हाही चाटतच होता, नेमानं, त्याच त्या जागी, खरखरीत जिभेनं.

"पिसवा असतील," पोतनीस म्हणाले.

"पिसवा नाहीत. बुरशी नाही, ॲलर्जी नाही. खाणं बदललं, इंजेक्शनं झाली, चाटता येऊ नये म्हणून गळ्यात ते प्लास्टिकचे कर्णे घालून झाले. कर्णा काढला की पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणतात, कातडीचं नाही, मनाचं आहे. आता गंधपट्ट्याचा शोध करून घ्या म्हणतात. त्याचा खर्च ऐकलात तर तुम्हीच चाटायला लागाल."

"खर्चाचं तुम्ही बघू नका, निनादराव. मी देतो." खर्च एका नव्या स्कूटरएवढा होता. पोतनीसांनी त्याच दुपारी पैसे पाठवले आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून ते गाढ झोपले. अबोलीशी बोलायचं राहून गेलं. ती फोनच्या कडेला होती, पाठमोरी, काहीतरी पुसत.

गंधपट्टा ही काही नवलाईची चीज राहिली नव्हती. दिवाणच्या गळ्यात तर तो पहिल्यापासून होता. अबोलीच्या विसाव्या वाढदिवसाला पोतनीसांनीच हौसेनं आणला होता. प्रत्येक माणसाच्या अंगाला शेकडो वायूंचं एक मिश्रण असतं, आणि बोटाच्या ठशासारखं ते ज्याचं त्याचं असतं. मांजराला ते आपल्या कितीतरी पटीनं कळतं. पट्ट्यातला शेंगदाण्याएवढा संवेदक तेच हुंगतो आणि कोण जवळ आलं, कोण गेलं, हे फोनवर सांगतो. माणसाचा वास पहिल्यांदा आला की पट्टा विचारतो, "हे कोण?" आपण नाव टाकायचं, की झाली नोंद. पुढं त्यात आणखी एक सोय आली. जिभेचा प्रत्येक फटकारा मोजायचा, लाळेतून केसांवर उतरणारी ताणाची रसायनं मोजायची, आणि तो आकडा कोणाच्या वासाबरोबर चढतो ते पाहायचं. मांजर कोणापायी स्वतःला सोलतंय, त्याचं नाव मिळायचं.

लोकांनी त्याचं काय केलं नाही! भाडेकरूंची मांजरं घरमालक तपासू लागले. स्थळ बघायला जाणारे मुलीचे मामा चहा घेता घेता विचारायचे, "आपल्याकडं मांजर आहे का? जरा पोट बघू." कोर्टानं मात्र तो पुरावा मानायला नकार दिला होता.

आठ दिवसांनी निकाल आला. निनादच वाचून दाखवत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"ऐका हं बाबा. त्रासाचं मूळ, आणि खाली नाव. शरयू! तुमची लेकच मांजराला छळते, आणि बिल मात्र आपण भरतोय."

शरयू म्हणजे अबोलीच. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून निनादनं सोन्याच्या अंगठीनं त्यात हे नवं नाव लिहिलं होतं. आदल्या संध्याकाळी अबोली मेंदीचे हात वर धरून पोतनीसांच्या खोलीत आली होती. "बाबा, मला नाव नाही बदलायचं. तुम्ही बोला ना त्यांच्याशी." आणि पोतनीस म्हणाले होते, "अगं वेडे, तांदळातलं नाव ते. दुसऱ्या दिवशी त्याचा भात होतो. कोण लक्षात ठेवतंय?" पण नाशिकला सगळ्यांनी लक्षात ठेवलं. बँकेत, आधारवर, दारावरच्या पाटीवर, आणि पट्ट्यानं विचारलं तेव्हा त्यातही निनादनं तेच टाकलं.

पोतनीसांनी लेकीला फोन लावला. यंत्रानं नाव दिलं होतं. यंत्राचं नाव म्हणजे त्यांच्या लेखी शिक्का.

"काय करतेस तू त्या मुक्या जिवाला?"

पलीकडं टीव्ही चालू होता.

"अबोली, मी विचारतोय. मारतेस? उपाशी ठेवतेस? तूच आणलेलं पोर ना ते?"

"काही नाही करत, बाबा," ती म्हणाली. मग, "त्याला घेऊन जा तुम्ही."

ते गेले. बाराव्या मजल्यावरचं लख्ख घर. विहीणबाईंनी सुरळीच्या वड्या केल्या होत्या, निनादनं वाकून नमस्कार केला. अबोली पूर्ण बाह्यांचा कुडता घालून पाण्याचा तांब्या घेऊन आली, ठेवला आणि उभी राहिली. "बस की," पोतनीस म्हणाले. तिनं निनादकडं पाहिलं आणि मग बसली. किती वाळली होती पोरगी! पोतनीसांच्या मनात आलं, रागावलीय माझ्यावर, फोनवर जास्तच बोललो. दिवाणची टोपली शोधायला ते गॅलरीत गेले. तिथं एक प्लास्टिकचं स्टूल होतं, घडी घातलेली गोधडी आणि पाण्याची बाटली.

"इथं बसतेस वाटतं?"

"हो. हवा चांगली असते."

पोतनीसांनी मान डोलावली. गॅलरीच्या सरकत्या दाराची कडी आतल्या बाजूला होती, ही गोष्ट त्यांच्या तपासनिसाच्या डोळ्यांनी टिपलीसुद्धा. पण गॅलरीला कडी आतूनच असते. ते टोपली घेऊन निघाले.

कराडला आल्यावर दिवाण दोन दिवस अबोलीच्या जुन्या कपाटात, तिच्या कॉलेजच्या कपड्यांवर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी बाहेर आला, दिवाणावर चढला आणि पाय ताणून झोपला. तीन आठवड्यांत त्याच्या पोटावर मखमलीसारखी लव उगवली. पोतनीसांना कोण आनंद झाला! औषध नाही, पाणी नाही, बघा, नुसती जागा बदलली. ते त्याला गावातल्या डॉक्टर नाझनीन शिकलगारांकडं दाखवायला घेऊन गेले, आणि बरोबर तो नाशिकचा निकालही नेला. पैसे दिलेत तर कागद पूर्ण वाचून घ्यावा, एवढाच हेतू.

डॉक्टरबाई वाचत होत्या. चौथ्या पानावर थांबल्या.

"काका, ही अबोली कोण?"

"माझी मुलगी."

"आणि शरयू?"

"तीपण माझी मुलगीच."

"किती मुली तुम्हाला?"

"एकच."

डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवला.

"काका, नीट ऐका. माणूस घाबरला की त्याचा घाम बदलतो. वेगळ्या ग्रंथी चालू होतात, वेगळी आम्लं सुटतात, अंगाचा वास पार पालटतो. मांजराला तो ताबडतोब कळतो आणि तेही बिथरतं. पण भीती दहा मिनिटांची असते, तासाची असते. मग माणूस आपल्या मूळ वासावर येतो. पट्ट्याला हे शिकवलेलं आहे. वास बदलला तरी तो वाट बघतो, आणि मूळ वास परत आला की म्हणतो, हां, हे तेच माणूस." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या मुलीचा वास परत आलाच नाही. म्हणून यंत्रानं विचारलं, हे कोण. आणि तिच्या नवऱ्यानं शरयू असं टाकलं. यंत्राच्या दृष्टीनं शरयू हे वेगळंच माणूस आहे. अबोली घर सोडून गेलीय."

"गेलीय म्हणजे?"

"हे वाचा."

पोतनीसांनी वाचलं. *व्यक्ती: अबोली. अनुपस्थित, सातशे चौसष्ट दिवस. शिफारस: अबोली परत आल्यास चाटणं थांबण्याची शक्यता अतिशय जास्त.*

"दोन वर्षांत एकदासुद्धा?" त्यांनी विचारलं.

"एकदासुद्धा नाही, काका. झोपेतही नाही."

पोतनीसांना स्वतःचंच शिकवणं आठवलं. तराजू तपासायचा पहिला नियम, आधी पारडी रिकामी करा आणि काटा शून्यावर येतो का पाहा. हे ते उमेदवारांना पहिल्या दिवशी शिकवायचे. आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी? भरल्या पारड्यावरचा आकडा वाचून तिलाच झापलं. स्वतःचंच थोबाड फोडावं असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते नाशिकला होते.

"मुलीला न्यायला आलोय," दारातच म्हणाले.

निनाद हसला. "न्या की, बाबा. तुमचीच आहे. येईल चार दिवसांत, शरयूला माझ्याशिवाय करमत नाही." आणि तिची बॅग त्यानं स्वतः लिफ्टपर्यंत आणून दिली.

साताऱ्याच्या अलीकडं, गाडीत, अबोलीनं सांगितलं. निनादनं कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. काही चुकलं की तो तिला गॅलरीत जायला सांगायचा आणि आतून कडी लावायचा. भाजीला मीठ जास्त पडलं म्हणून एक तास. कराडला फोन केला म्हणून तीन. एकदा थंडीत सहा. आत विहीणबाई टीव्ही बघत असायच्या. दिवाण काचेला नाक लावून बसायचा, आणि तिला आत घेतलं की मांडीवर यायचा, तिला हुंगायचा आणि चाटत सुटायचा. "मला वाटायचं, माझ्यासाठी करतोय," ती म्हणाली. "म्हणजे मी नाही ना रडत, तर तो..." पोतनीसांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले. अबोलीनं बाटली पुढं केली आणि म्हणाली, "पाणी घ्या, बाबा." तिच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

तिला घरी आणलं म्हणजे जिंकलं, अशी त्यांची समजूत. आता अबोली परत आली, यंत्रही तेच म्हणेल. दिवाण तिला बघून धावत आला, तिच्या पायांत घुटमळला, मांडीवर चढला, त्यानं तिला हुंगलं.

आणि खाली उतरून त्यानं पोट चाटायला सुरुवात केली.

पट्टा आता पोतनीसांच्या फोनला जोडलेला होता. त्यावर आलं, *घरात: बाबा, शरयू.*

"लागेल वेळ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भीती अंगात मुरलीय. गेली कधी ते यंत्रच सांगेल. पण सांगेलच असं वचन मी देत नाही. तोवर दोघांना वेगळं ठेवा."

वेगळं ठेवणार कसं? दार लावून घेतलं की दिवाण बाहेरून ओरबाडायचा आणि आत अबोली पांढरीफटक पडायची, कारण दाराला कडी होती. पोतनीसांनी घरातल्या सगळ्या कड्या स्क्रू काढून उतरवल्या, संडासाचीसुद्धा. रोज सकाळी ते चहाआधी फोन बघायचे. शरयू. तिच्या आवडीचं सोड्यांचं कालवण केलं. शरयू. तिच्या जुन्या मैत्रिणीला बोलावलं, दोघी कृष्णेच्या घाटावर फिरून आल्या, अबोली चक्क एकदा हसली. शरयू. दिवाणच्या पोटावरची लव पुन्हा गेली, मग कातडं सोललं, मग जखम. उपचाराचा खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि पोतनीस तो बिनतक्रार भरत राहिले. दुसरं करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

निनाद रोज संध्याकाळी फोन करायचा. गोड बोलायचा. अबोली नुसतं ऐकायची.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी दिवाणच्या जखमेला मलम लावता लावता ती म्हणाली, "बाबा, मी जाते परत."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तिथं निदान मांजर नाही. मी जिथं जाते तिथं हा स्वतःला सोलतो. यंत्रच सांगतंय ना, मूळ मी आहे म्हणून."

"अगं, त्याचा अर्थ तो नाही! डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही का तुला?"

"तुम्हीच म्हणता, यंत्र खोटं बोलत नाही. मग मला ते खरं मानू दे." ती चिडलेली नव्हती. बाजारभाव सांगावा तशी सांगत होती. "तुमची अबोली येणारच नसेल तर मी इथं कशाला राहू? तुम्ही तिची वाट बघताय. रोज सकाळी फोन उघडता, ते मला दिसतं, बाबा. माझ्याकडं नंतर बघता."

पोतनीसांनी विचारलं, "आणि आलं नाव, तर राहशील?"

तिनं मलमाचं झाकण लावलं. "एकदा जरी आलं तरी राहीन. उद्या सव्वाचारची गाडी आहे."

ती रात्र पोतनीसांनी जागून काढली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अबोली कपडे आणायला गच्चीत गेली, तेव्हा पोतनीस फोन घेऊन बसले. शरयू या नावावर बोट दाबून धरलं. *नाव बदला?* चष्मा पुसला. एकेक अक्षर टाकलं.

यंत्रानं विचारलं, *या नावाची नोंद आधीच आहे. दोन्ही एकच व्यक्ती आहेत का?*

आहेतच की! यात खोटं काय आहे? दोन्ही माझीच, मीच खांद्यावर खेळवलेली. पण पोतनीसांना पक्कं ठाऊक होतं, यंत्र हे विचारत नव्हतं. तीस वर्षं समोरच्या बनियाच्या कपाळावर जो घाम त्यांनी पाहिला होता तो आता त्यांच्या स्वतःच्या कपाळावर आला. त्यांनी 'होय' दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"अबोली! ए अबोली, खाली ये लवकर! हे बघ!"

ती कपड्यांची रास छातीशी धरून आली. त्यांनी फोन तिच्या समोर धरला. *घरात: बाबा, अबोली.*

तिनं कपडे खुर्चीवर टाकले. फोन हातात घेतला, जवळ नेला, पुन्हा वाचलं. दोन वर्षांत पोतनीसांनी न पाहिलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. ती अगदी नववीतल्या पोरीसारखी दिसली.

"कधी आलं?"

"आत्ता. आत्ताच आलं बघ."

"खरंच, बाबा?"

"यंत्र खोटं बोलतं का?"

ती हसली. हसत हसतच खाली वाकली, आणि दिवाणला घ्यायला तिनं खुर्चीखाली हात घातला.

चप, चप, चप, चप.

दोघांनीही ते ऐकलं. बोका मागचा पाय ताणून बसला होता आणि त्या ओल्या जखमेवर जीभ फिरवत होता, नेमानं, त्याच त्या जागी. अबोली वाकलेलीच राहिली. पोतनीसांना वाटलं, काहीतरी बोलावं, पंखा लावावा, भांडं पाडावं. ते जागचे हलले नाहीत.

ती सावकाश उठली. फोन तिनं टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "नाव बदलायला त्यांनी निदान तांदूळ तरी घेतले होते."

आणि ती बॅग भरायला आत गेली.